वायुदूत : एका अल्पायुषी विमानसंस्थेची हकीकत

दि. १२ एप्रिल २०२२ रोजीं आसामांतील दिब्रुगडहून सतरा आसनांचें एक डॉर्निअर विमान निघालें आणि अरुणाचल प्रदेशांतील पासीघाटास उतरलें. भारतांत तयार झालेल्या डॉर्निअरचें हें पहिलें व्यापारी उड्डाण होय, असा त्या वेळीं मोठा गाजावाजा झाला. तें वृत्त वाचून आम्हांस आनंद झाला खरा. पण थोडें चमत्कारिकही वाटलें. कारण हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कानपूर येथील कारखान्यांतून बाहेर पडलेलें डॉर्निअर १९८६ सालींच एका भारतीय विमानसंस्थेच्या हवालीं झालें होतें, आणि पासीघाटची धांवपट्टीही त्या संस्थेच्या परिचयाची होती. ती संस्था म्हणजे 'वायुदूत'. अवघ्या छत्तीस वर्षांत एखादें नांव राष्ट्राच्या स्मरणांतून इतकें पुसलें जावें, हें कसें घडलें?

या प्रश्नाचें मूळ शोधावयाचें तर १९५३ सालापर्यंत मागें जावें लागतें. त्या वर्षीं सरकारनें कायदा करून विमानवाहतूक आपल्या हातीं घेतली. परदेशची वाहतूक एअर-इंडियाकडे गेली, आणि देशांतर्गत वाहतुकीच्या खाजगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्सची स्थापना झाली. या महामंडळास जो ताफा वारशानें मिळाला, त्यांत डाकोटा विमानांचा भरणा सर्वांत मोठा होता. डाकोटा हें मोठें सोशीक विमान. आंखूड, कच्च्या, गवताळ पट्टीवरही तें उतरे. फाळणीनें बंगालमधून आसामकडे जाणारे जुने रेल्वेमार्ग तोडले होते. सिलिगुडीजवळच्या चिंचोळ्या पट्टींतून वळसा घेऊन जाण्यावांचून गत्यंतर नव्हतें. अशा काळीं ईशान्येकडील डोंगराळ मुलुखास कलकत्त्याशीं जोडून ठेवण्याचें काम या विमानांनीं केलें. पुढें तीं जीर्ण झालीं, त्यांची जागा मोठ्या व वेगवान विमानांनीं घेतली, आणि १९७० नंतर बोइंग आल्यावर लहान धांवपट्ट्या निरुपयोगी ठरल्या. मुंबई-दिल्लीच्या प्रवाशास ज्या सुधारणेनें दोन तास वांचले, त्याच सुधारणेनें दूरच्या गांवांचें विमान बंद पाडलें. प्रगतीच्या जमाखर्चांत ही दुसरी बाजू सहसा कोणी लिहीत नाहीं.

ही उणीव भरून काढण्यासाठीं २० जानेवारी १९८१ रोजीं वायुदूताचा जन्म झाला. एअर-इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स हीं दोन्ही महामंडळें त्याचीं पालक. नांव मोठें सुंदर निवडलें होतें. कालिदासाच्या मेघदूताची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं. पालक दोन असले म्हणजे मुलाचे लाड दुप्पट होतात असें मात्र नाहीं. आरंभीं वायुदूताच्या वांट्यास फॉकर फ्रेंडशिप जातीचीं वापरलेलीं विमानेंच आलीं. पुढें जर्मन परवान्यानें कानपूरला बनणारें डॉर्निअर २२८ त्याला मिळालें. दोन पंख्यांचें, एकोणीस उतारूंचें हें विमान खरोखर त्या कामास योग्य होतें. तेजू, पासीघाट, झिरो अशा ठिकाणीं त्याचा आवाज ऐकूं येऊं लागला.

येथवर सर्व यथायोग्य होतें. परंतु जें विमान झिरोला जातें तें आमच्या जिल्ह्यास कां नको, असा प्रश्न देशभरांतून होऊं लागला, आणि लोकप्रतिनिधींच्या मागणीस नाहीं म्हणण्याचें धैर्य सरकारी कंपनींत कोठून यावें? ज्या संस्थेची कल्पना ईशान्येपुरती होती, तिच्या वेळापत्रकावर त्या दशकाच्या अखेरीस शेकड्याच्या जवळपास ठिकाणें आलीं. आमच्या कोल्हापुरासही, जेथें राजाराम महाराजांच्या काळीं १९३९ मध्यें विमानतळ झाला, वायुदूताचें विमान येऊं लागलें. उजळाईवाडीच्या माळावर तें उतरतांना पाहण्यास आम्हीं शाळकरी मुलें सायकलीवरून जात असूं. विमानांतून उतरणारीं माणसें थोडीं आणि कुंपणाबाहेरचे प्रेक्षक पुष्कळ, हें दृश्य अद्याप डोळ्यांपुढें आहे. त्या वेळीं त्यांतील अर्थशास्त्र आम्हांस कळलें नाहीं.

तें अर्थशास्त्र असें. विमान लहान झालें म्हणून खर्च त्या प्रमाणांत लहान होत नाहीं. एकोणीस आसनांच्या विमानासही वैमानिक दोन लागतात. धांवपट्टी, रेडिओ, दुरुस्ती, अग्निशामक दल यांचा बोजा थोड्याशा तिकिटांवर पडतो. त्यांतही निम्मीं आसनें रिकामीं गेलीं तर उरलेल्या उतारूंनीं किती भाडें द्यावें? कोल्हापूरच्या गृहस्थास निदान रात्रीची आगगाडी होती. तेजूच्या रोग्यास ती नव्हती. दोघांची गरज एकाच मापानें मोजून तोट्याचा एकच आंकडा मांडला गेला, आणि आमच्या मतें वायुदूताचा घात झाला तो येथें. ईशान्येची सेवा तोट्यांत चालणें हें अपेक्षितच होतें, तिचा खर्च राष्ट्रानें उघडपणें उचलावयास हवा होता. परंतु तो इतर शेकडों फेऱ्यांच्या तुटींत मिसळून गेल्यावर त्याचें समर्थन करण्यास कोणी उरलें नाहीं.

त्यांतच अपघात झाले. १९ ऑक्टोबर १९८८ रोजीं सकाळीं अहमदाबादेस इंडियन एअरलाइन्सचें बोइंग कोसळून शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. त्याच दिवशीं गुवाहाटीजवळ वायुदूताचें फॉकर पडलें आणि त्यांतील चौतीसही जणांचा अंत झाला. अहमदाबादच्या आकांतांत गुवाहाटीचा आवाज बुडाला. पुढच्याच वर्षीं, २३ सप्टेंबर १९८९ रोजीं, पुण्याहून निघालेलें डॉर्निअर उजनी धरणाच्या जलाशयांत पडलें. विमानांत अकरा माणसें होतीं. एकही वांचलें नाहीं.

यानंतरचा भाग थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. १९९३ सालीं वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्यें विलीन करण्यांत आलें. खाजगी कंपन्यांस त्याच सुमारास दार उघडलें होतें. १९९४ मध्यें सरकारनें नियम केला कीं, मुख्य मार्गांवर जो उडेल त्यानें तेथील क्षमतेच्या एक-दशांश इतकी तरी क्षमता ईशान्य, काश्मीर, अंदमान व लक्षद्वीप यांकडे वळवावी. म्हणजे जो भार एका दुबळ्या संस्थेच्या खांद्यावर होता तो सर्वांनीं वांटून घेण्याचें तत्त्व मान्य झालें; मात्र तें मान्य होण्याआधींच दुबळा गडी खालीं बसला होता. २०१६ सालच्या 'उडान' योजनेंत तर तूट किती भरून देणार हें आधींच ठरवून बोली मागविण्यांत आली.

पासीघाटास २०२२ सालीं जें विमान उतरलें, तें अलायन्स एअरनें हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडून भाड्यानें घेतलें होतें. अलायन्स एअर हीदेखील १९९६ मध्यें इंडियन एअरलाइन्सची दुय्यम कंपनी म्हणूनच निघाली. आणि विमान बनलें तें कानपूरच्या त्याच कारखान्यांत.