दिनविशेष : १३ मार्च – मुंबई सिटीचा दुहेरी मुकुट

२०२१ : मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर मुंबई सिटी एफसीने एटीके मोहन बागानला २-१ असे हरवून इंडियन सुपर लीगचा करंडक प्रथमच जिंकला. डेव्हिड विल्यम्सने बागानला आघाडी दिली; तिरीच्या स्वयंगोलमुळे बरोबरी झाली आणि ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगने निर्णायक गोल केला. साखळीतील अव्वल स्थानाची शिल्डही मुंबईनेच मिळवली होती. एकाच मोसमात हे दोन्ही मान पटकावणारा हा पहिला संघ.

क्लबची स्थापना २०१४ची. मँचेस्टर सिटी आणि अमेरिकेतील न्यूयॉर्क सिटी हे क्लब चालवणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९मध्ये त्यात ६५ टक्के हिस्सा घेतला. त्यानंतर आलेले प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी संघाला आक्रमक खेळाची शिस्त लावली. करोनामुळे अंतिम सामना प्रेक्षकांविना झाला. अंधेरीच्या मैदानात घोषणांनी गॅलरी दणाणून सोडणाऱ्या ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’च्या चाहत्यांना हा विजय घरूनच पाहावा लागला.

१८९१पासून अनेक दशके रोव्हर्स करंडक ही फुटबॉल स्पर्धा भरवलेल्या मुंबईला देशाच्या अव्वल साखळीचे विजेतेपद याआधी २००६मध्ये महिंद्रा युनायटेडने मिळवून दिले होते. १५ वर्षांनी तो मान महाराष्ट्रात परतला.