छातीवरून हृदयाचा नकाशा

१८८७ चा मे महिना. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या प्रयोगशाळेत तुम्ही खुर्चीत बसला आहात. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या चामड्यात गुंडाळलेला जस्ताचा एक तुकडा छातीवर बांधलाय, दुसरा पाठीवर. समोर केसाएवढ्या बारीक नळीत पारा आहे. तुमचा ठोका पडतो आणि पारा किंचित हलतो. खेळण्यातल्या आगगाडीवर ठेवलेली फोटोची काच हळूहळू सरकते आणि त्या हालचालीची रेघ तिच्यावर उमटते. ऑगस्टस वॉलर ती काच निरखून पाहतात. शरीराला सुईसुद्धा न टोचता हृदयाची वीज काचेवर आली आहे.

पण ती वीज हृदयात नेमकी कुठून निघते? दोनच वर्षांनी वॉलर माणसाच्या आकृतीवर समान विद्युतदाबाच्या रेषा काढतील. म्हणजे नकाशाचा ध्यास पहिल्यापासूनच आहे.

आता १९०५, नेदरलँड्समधलं लायडन. हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून तुम्ही रुग्णालयात बसलात. विलेम आइंटहोवेन यांचं यंत्र मात्र दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत आहे. तारेतून तुमचे ठोके तिथे पोचतात आणि लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्ये ताणलेला, चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा धागा थरथरतो. रेघ स्वच्छ येते. या कामाला १९२४ चं नोबेल मिळेल. ठोका कधी आणि कसा पडला हे रेघ सांगते. बिघाडाची नेमकी जागा दाखवणं मात्र तिला अवघड जातं. हृदय आणि त्वचा यांच्यामध्ये फुप्फुसं, हाडं, स्नायू आहेत. वाटेत बारकावे पुसट होतात, एकमेकांत मिसळतात.

त्वचेवरून हृदयाकडे, उलट वाटेने जायचं तर गणित आडवं येतं. बाहेरचा तोच विद्युतदाब आतल्या वेगवेगळ्या प्रवाहरचनांतून निर्माण होऊ शकतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच दाखवलं होतं. मग प्रश्नच बदलला: आतले प्रवाह नकोत, हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरचा विद्युतदाब तेवढा काढा. तरीही नोंदीतली बारीकशी चूक उत्तरात अवाच्या सवा फुगते. तिला लगाम घालण्याची रीत रशियन गणिती तिखोनोव यांनी १९६० च्या दशकात दिली.

आता एकविसावं शतक, तुम्ही अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये आहात. अंगात अडीचशेच्या आसपास इलेक्ट्रोडचं जाकीट. ते घालूनच सीटी स्कॅन होतो, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडची जागा आणि तुमच्या हृदयाचा आकार, दोन्ही कळतात. मग छातीत आधीच बसवलेल्या उपकरणातून डॉक्टर तुम्हाला एरवी अचानक होणारी जीवघेणी धडधड मुद्दाम सुरू करतात. क्षणभर जीव घाबरा होतो, पण नोंद मिळते. पडद्यावर तुमच्याच हृदयावर रंग पसरतात: वीज आधी कुठे पोचली, नंतर कुठे. संशोधक योराम रुडी यांच्या गटाने २००४ मध्ये माणसांवर दाखवलेली ही पद्धत.

२०१७ मध्ये इथल्या डॉक्टरांनी, बाकीचे उपाय थकलेल्या पाच रुग्णांत, अशा नकाशांच्या आधारे दोषी जागेवर बाहेरूनच किरणोपचार केल्याचं प्रसिद्ध केलं. आधीच्या तीन महिन्यांत सगळ्यांना मिळून अशा धडधडीचे ६,५७७ प्रसंग आले होते. उपचारानंतरचे पहिले सहा आठवडे वगळता पुढच्या ४६ रुग्ण-महिन्यांत (सगळ्या रुग्णांचे महिने मिळून) फक्त चार. एक रुग्ण तीन आठवड्यांनी पक्षाघाताने दगावला, हेही त्यांनी नोंदवलं.

पाच जणांवरून निकाल लावता येत नाही, मोठ्या चाचण्या हव्यातच. पण वॉलर यांनी माणसाच्या आकृतीवर रेषा काढायला घेतल्या ते व्यर्थ गेलं नाही. हृदय आपल्या खुणा, पुसट का होईना, त्वचेपर्यंत पाठवतच होतं. त्या परत उलगडायला चिकाटीची सव्वाशे वर्षं लागली.