भांड्यांवरची नावे

कन्हेरीचा मारुती बारामती तालुक्याबाहेर ठाऊक आहे तो निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ तिथे फुटतो म्हणून. मी मात्र या गावात मांडणीवरची भांडी वाचतो. ‘वाचतो’ हा शब्द मुद्दाम वापरला. ताटाच्या काठावर टिंबाटिंबांनी कोरलेले नाव आणि लग्नाची तारीख हाही एक लेखच आहे. तो टिकणे किंवा न टिकणे हे घासण्याच्या रीतीवर अवलंबून असते.

पूर्वी घरात तांब्या-पितळेची भांडी असत. त्यांत आंबट पदार्थ कळकतो, म्हणून नवसागर आणि कथील वापरून कल्हई करावी लागे. बाहेरून चिंच आणि राख. चिंचेतले आम्ल काळपट थर विरघळवते आणि खालचा धातू उजळतो. म्हणजे पितळेची चकाकी घासण्यातून येते.

स्टीलचे तसे नाही. १९१३ साली इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळीची झीज कमी करण्यासाठी प्रयोग करत होते. त्यातून क्रोमियम मिसळलेले न गंजणारे पोलाद हाती आले आणि लवकरच त्याच्या सुऱ्या होऊ लागल्या. या पोलादावर क्रोमियम ऑक्साइडचा, डोळ्यांना न दिसणारा पातळ थर असतो. तो खरवडला गेला, तरी हवा लागताच पुन्हा धरतो. म्हणूनच कोरलेले अक्षर गंजत नाही.

आपल्या घरांत भांडी बदलली, पण हात पितळेच्या सवयीचेच राहिले. राखेतली कच स्टीलला ओरखडे पाडते. लोखंडी तारघासणीचे कण चिकटून गंजतात आणि दोष स्टीलवर येतो. खारट उष्टे रात्रभर राहिले, तर बारीक खड्डे पडू शकतात. विहिरीच्या जड पाण्याचे पांढरे डाग हा चुना असतो. तो लिंबाच्या फोडीने निघतो, त्याला जोर लावावा लागत नाही. मऊ घासणी, साबण, भरपूर पाणी आणि शेवटी कोरडे फडके एवढे पुरते. चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील भारी, हा समजही अपुरा आहे. निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेल्या स्वस्त स्टीललाही तो बहुधा चिकटत नाही.

हे सारे मला उशिरा कळले. आईच्या लग्नातल्या एका वाटीवर तिचे माहेरचे नाव होते. सात-बाऱ्यावर ती नव्हतीच. रेशनकार्डावर होती ती सासरच्या नावाने. तारघासणीने वर्षानुवर्षे घासून ती टिंबे पुसट झाली. पुढे जुन्या साड्यांबरोबर ती वाटी आम्ही बोहारणीला दिली आणि नवे पातेले घेतले. आई गेल्यावर कागदपत्रे चाळली, तेव्हा तिचे माहेरचे नाव लिहिलेले एकही चिटोरे घरात सापडले नाही.

तेव्हापासून कुणाच्याही घरी गेलो की आधी ताट उलटे करून पाहतो. बायका हसतात, मग स्वतःच फडताळातून एकेक भांडे काढून देतात. “हे मामानं दिलं,” “हे आत्याचं.” मी नाव आणि तारीख वहीत उतरवून घेतो. गंजाने न जाणारे अक्षर आपल्या हाताने जाते, हे मी एका वाटीपायी शिकलो. या दिवाळीत भांडी घासायला काढाल, तेव्हा घासणीआधी वही हाती घ्या.