संरक्षणमंत्र्याच्या आसनाचा इतिहास

नव्या दिल्लींत, पूर्वीच्या व्हाइसरॉयच्या प्रासादाच्या दक्षिणेस, एक विस्तीर्ण हवेली उभी आहे. तीन मूर्ति भवन या नांवानें ती आज ओळखली जाते. नवी राजधानी वसविली जात असतां रॉबर्ट टॉर रसेल या शिल्पज्ञानें ती बांधली, ती ब्रिटिश सरसेनापतीच्या निवासासाठीं. १९४८ सालीं त्याच वास्तूंत स्वतंत्र भारताचे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू राहावयास गेले. वरवर पाहतां हा केवळ बिऱ्हाड बदलण्याचा प्रकार. परंतु त्याच्या मागें एका मोठ्या प्रश्नाचा शेवट होता. सैन्याची तलवार ज्याच्या हातीं, त्याचा हात धरण्याचा अधिकार कोणास? संरक्षणमंत्र्याच्या आसनाचा सारा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचा इतिहास होय.

त्याचा आरंभ कंपनी सरकारच्या अमदानींत झाला. १७७६ सालीं कलकत्त्यास लष्करी खातें निघालें. त्याचें काम मोठेंसें नव्हतें. फौजेसंबंधीं निरनिराळ्या कचेऱ्यांतून सुटणारे हुकूम निवडावे आणि दप्तरीं दाखल करावे, इतकेंच. मुंबई, मद्रास आणि बंगाल या तीन इलाख्यांच्या फौजा वेगवेगळ्या होत्या व त्या १८९५ पर्यंत तशाच राहिल्या. पुढें राज्य कंपनीकडून राणीकडे गेलें आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत लष्करासाठीं दोन माणसें बसूं लागलीं. एक सरसेनापति, सैन्य चालविणें आणि लढणें हें त्याचें काम. दुसरा लष्करी सभासद. खर्च, रसद, दारूगोळा आणि कारभार त्याच्याकडे. हा दुसराही शिपाईगडीच असे आणि हुद्द्यानें सरसेनापतीहून कमी असे. तथापि सरसेनापतीची प्रत्येक मागणी त्याच्या मेजावरूनच व्हाइसरॉयकडे जाई आणि तीवर आपला स्वतंत्र अभिप्राय लिहिण्याचा अधिकार त्यास होता.

हा अभिप्रायच एका मोठ्या कलहाचें मूळ ठरला. १९०२ च्या नोव्हेंबरांत लॉर्ड किचनेर सरसेनापति होऊन हिंदुस्थानांत आला. सुदानचा जेता आणि बोअर युद्धाचा शेवट करणारा सेनानी, अशी त्याची कीर्ति होती. आपल्या योजनांवर मेजर-जनरल सर एडमंड एलेस यानें शेरे मारावे, हें त्यास असह्य झालें. एका फौजेस दोन धनी नसावेत, कागद इकडून तिकडे फिरण्यांत वेळ जातो, आणि युद्ध आलें तर ही घडी एका दिवसांत विसकटेल, असें त्याचें म्हणणें होतें. तें अगदींच पोकळ नव्हतें.

व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यानें उलट बाजू घेतली. व्हाइसरॉय हा मुलकी पुरुष. लष्करी विषयांत त्यास एकच सल्लागार उरला आणि तोच सरसेनापति असला, तर त्याच्या सल्ल्याची पारख व्हाइसरॉयनें कशाच्या आधारें करावी? १९०५ च्या मार्चांत हा प्रश्न कार्यकारी मंडळापुढें आला, तेव्हां किचनेर एकाकी पडला. इतर सर्व सभासद कर्झनच्या मताचे होते. परंतु निकाल सिमल्यास लागावयाचा नव्हता, लंडनला लागावयाचा होता. भारतमंत्री ब्रॉड्रिक यानें तडजोड सुचविली, ती अशी कीं, लष्करी सभासदाऐवजीं केवळ पुरवठ्याचें खातें पाहणारा सभासद असावा. त्या जागीं सर एडमंड बॅरो यांस नेमावें, ही कर्झनची सूचनाही लंडननें नाकारली आणि १९०५ च्या ऑगस्टांत कर्झननें राजीनामा दिला. १९०६ च्या मार्चांत जुनें लष्करी खातें मोडलें. पुरवठ्याचें खातेंही १९०९ मध्यें बंद झालें. सरसेनापति एकटा उरला. मागणारा तोच आणि मागणी मान्य करावी असा सल्ला देणाराही तोच!

या भांडणांत हिंदी माणसास कोणी विचारलें नाहीं. त्या वेळीं कार्यकारी मंडळांत एकही हिंदी सभासद नव्हता. गोपाळ कृष्ण गोखले मध्यवर्ती कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर बोलावयास उठत आणि लष्कराचा वाढता खर्च शिक्षणाच्या तोंडचा घास कसा काढतो तें आंकड्यांनिशीं मांडीत. परंतु त्या खर्चास कात्री लावण्याचा अधिकार त्यांस नव्हता. कर्झन आणि किचनेर यांच्यापैकीं कोणीही जिंकला, तरी कर देणारा रयत आणि लढणारा शिपाई यांचा आवाज मंडळापर्यंत पोहोंचणार नव्हता.

एका आवाजाच्या या व्यवस्थेची किंमत मात्र त्याच शिपायास द्यावी लागली. महायुद्ध सुरू झाल्यावर हिंदुस्थान सरकारनें मेसोपोटेमियांत फौज धाडली. तींत सहावी पुणें डिव्हिजन होती आणि तिच्यांत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. किचनेरच्याच हाताखालीं वाढलेला सर बोशँप डफ त्या वेळीं सरसेनापति होता. बगदादची आशा वाढत गेली. नदीवरच्या आगबोटी, औषधें आणि डॉक्टर मात्र त्या प्रमाणांत वाढले नाहींत. १९१५ च्या नोव्हेंबरांत टेसिफनच्या लढाईनंतर फौज मागें हटली, डिसेंबरांत कुत-अल-अमारा येथें वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें तेरा हजार माणसांनीं शस्त्रें खालीं ठेविलीं. हजारोंचा अंत तुर्कांच्या कैदेंत झाला. सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक घरांत वाट पाहणें हेंच उरलें.

या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या कमिशननें १९१७ सालीं ठपका ठेवला, तो माणसांवर आणि पद्धतीवरही. युद्धकाळांत सरसेनापतीचें आणि मंडळाच्या लष्करी सभासदाचें काम एकाच माणसाच्या हातून नीट होणें शक्य नाहीं, असा त्याचा अभिप्राय पडला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यानें राजीनामा दिला. पद्धति मात्र बदलली नाहीं.

पुढें सुधारणांचे कायदे आले; पण १९१९ च्या कायद्यानें लष्करी खर्च कायदेमंडळाच्या मताबाहेर ठेवला आणि १९३५ च्या कायद्यानें संरक्षण हा गव्हर्नर-जनरलचा राखीव विषय ठरविला. १९४२ सालीं जपान दाराशीं आला असतां सर स्टॅफर्ड क्रिप्स वाटाघाटीस आला. हिंदी संरक्षण-सभासद नेमण्याची तयारी त्यानें दाखविली. परंतु त्याच्याकडे द्यावयाचे विषय कोणते? शिपायांचीं उपाहारगृहें, लष्करी छपाई व कागदपुरवठा, पेट्रोल आणि असेच कांहीं. देशाचें संरक्षण म्हणून उपाहारगृहांचा कारभार स्वीकारण्यास काँग्रेस तयार नव्हती. बोलणीं फिसकटण्याच्या कारणांत हें एक मोठें कारण होतें. त्याच वर्षीं सर फिरोजखान नून यांस ‘संरक्षण-सभासद’ हें नांव मिळालें. युद्धखातें सरसेनापतीकडेच राहिलें.

२ सप्टेंबर १९४६ रोजीं हंगामी सरकार आलें आणि सरदार बलदेवसिंग संरक्षण-सभासद झाले. सरसेनापति ऑकिनलेक या मंडळांत नव्हता. फौजेचा अधिकारी मंडळाबाहेर आणि प्रजेचा प्रतिनिधि मंडळांत, ही उलटापालट त्या दिवशीं घडली. स्वातंत्र्यानंतर बलदेवसिंग पहिले संरक्षणमंत्री झाले. स्थलसेना, नौसेना आणि विमानदल यांस वेगळे प्रमुख मिळाले. तिन्ही दलांचें सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतीकडे असावें व तें कायद्यानें चालावें, असें घटनेनें ठरविलें. आणि १९५५ सालीं ‘सरसेनापति’ ही पदवीच रद्द होऊन तिच्या जागीं सेनाप्रमुख आले.

तथापि आसन निर्माण झालें म्हणजे काम संपत नाहीं. एकाच आवाजाचा दोष जसा शिपायाकडून घडतो तसा मंत्र्याकडूनही घडूं शकतो. कृष्ण मेनन १९५७ मध्यें संरक्षणमंत्री झाले. शस्त्रास्त्रें देशांतच व्हावींत म्हणून त्यांनीं खटपट केली, ती मोलाचीच; परंतु मंत्र्याशीं पटेनासें झाल्यामुळें १९५९ सालीं सेनाप्रमुख थिमय्या यांनीं राजीनामा दिला आणि नेहरूंच्या आग्रहावरून तो मागें घेतला. तीन वर्षांनीं हिमालयांत चिनी फौजा उतरल्या तेव्हां दिल्लीचा अंदाज चुकल्याचें उघड झालें. मेनन यांस जावें लागलें. २१ नोव्हेंबर १९६२ रोजीं महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनीं तें आसन स्वीकारलें. हिमालयाच्या हांकेस सह्याद्रि धांवून गेला, असें महाराष्ट्रांत अजून अभिमानानें म्हणतात.

चव्हाणांनीं सेनाप्रमुखांचें ऐकून घेतलें आणि निर्णयाचा भार स्वतःकडे ठेवला. १ सप्टेंबर १९६५ रोजीं छांब भागांत पाकिस्तानचे रणगाडे पुढें सरकले. विमानदलाचे प्रमुख अर्जनसिंग व स्थलसेनेचे प्रमुख चौधरी दुपारीं त्यांजकडे आले. विमानें वापरणें म्हणजे युद्ध वाढविण्याची जोखीम पत्करणें. चव्हाणांनीं कांहीं मिनिटांतच अनुज्ञा दिली आणि संध्याकाळ होण्यापूर्वीं विमानें उडालीं. सल्ला शिपायांचा होता, जबाबदारी लोकांच्या प्रतिनिधीची होती.

१ जानेवारी २०२० पासून तिन्ही दलांचा समन्वय करणारा एक प्रमुख नेमला जाऊं लागला आणि त्याच्याकडे मंत्रालयांतील एक खातेंही आलें. एकसूत्रीपणाची किचनेरची गरज खोटी नव्हती, हें यावरून दिसतें. परंतु हा प्रमुख मंत्र्यास सल्ला देतो. त्याच्या वर मंत्री असतो आणि मंत्र्याच्या वर लोकसभा. तलवारीस धार हवी, हें खरेंच. पण ती म्यानांतून केव्हां निघावी, याचा जाब ज्यास भर सभेंत द्यावा लागतो, असा माणूस त्या आसनावर असला पाहिजे. कुतच्या वाळूंत राहिलेल्या शिपायांच्या मागें असा माणूस नव्हता.