लेझीम, फुगडी आणि झुंबा



पुण्यात आता सोसायट्यांच्या हॉलमध्ये सकाळी झुंबा चालतो. त्यात साठीची बाई दिसली, की "या वयात नाच?" असं कुणीतरी म्हणतंच. मला वाटतं, आपला जुना व्यायाम आठवला तर हा प्रश्नच उरत नाही.

लेझीम मूळची तालमीतली. धनुष्यासारखा दांडा आणि त्याला जड लोखंडी साखळी. ती ताणून पुरुष हात-छाती कमवायचे. पुढे चकत्यांची हलकी लेझीम आली आणि हलगी-ढोलाच्या तालावर शाळेच्या मैदानात पोचली. मग ती मुलींच्याही हाती आली.

त्याआधी बायकांना तालीम नव्हती, पण श्रावणातली मंगळागौर होती. आपल्या घरात ते व्रत नसेल, तरी फुगडी कुणाला नवी आहे? फुगडीत तोल सांभाळावा लागतो, झिम्म्यात हात आणि कंबर चालते, कोंबड्यात मांड्यांचा कस लागतो. मात्र ही मोकळीक व्रताच्या नावाने, ठरावीक रात्रींपुरतीच. एरवीचा व्यायाम म्हणजे जातं, पाटा-वरवंटा आणि विहिरीचं पाणी. गिरणी, मिक्सर, नळ आले. कष्ट वाचले ते चांगलंच झालं, पण शरीराच्या खात्यात जमा होणारी हालचालही थांबली.

झुंबा कोलंबियातल्या काली शहरात बेटो पेरेझ या शिक्षकाने १९९०च्या दशकात सुरू केला. एकदा वर्गाची कॅसेट घरी राहिली, म्हणून त्याने जवळची साल्सा-मेरेंगेची गाणी लावली, असं सांगतात. देश वेगळा, पण युक्ती आपलीच: ताल असला की दमणं जाणवत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस करावेत, असं म्हणते. पडून खुबा मोडला तर मंदिराच्या पायऱ्याही दुरावतात, म्हणून हे महत्त्वाचं.

गुडघेदुखी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, उड्या टाळा. चौविहार असेल तर सकाळचाच वर्ग घ्या. संध्याकाळी घाम गाळून नंतर पाणी नाही, हे बरं नव्हे. आणि "या वयात?" असं कुणी विचारलंच, तर त्यांना एक फुगडी घालायला बोलवा.