उबेला वाट हवी

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमची पिल्लांची कोंबडी मुंगसाने नेली. मागे राहिली नऊ पिल्ले, दोन दिवसांची. पौषातली थंडी होती. मी पेटता कंदील डालग्यात ठेवला, वरून पोते गच्च दाबले आणि निश्चिंत झोपलो. सकाळी तीनच जिवंत होती. बाकीची कडेला चोची उघड्या टाकून पडलेली. अम्मी रागावली नाही. एवढेच म्हणाली, "ऊब दिलीस रे, पण त्यांना बाहेर पडायला वाट कुठे ठेवलीस?"

पुढे वाचनात कळले, की हा प्रश्न जुनाच आहे.

कोंबडीवाचून अंडी उबवण्याची इजिप्तची विद्या ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच नोंदवली होती. पुढे तिथे मातीच्या विटांच्या भट्ट्या झाल्या. थर्मामीटर नव्हता. कारागीर अंडे पापणीला लावून धग ओळखत.

फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाने या विद्येला अंशांची जोड दिली. थर्मामीटरची एक मोजपट्टी त्याच्याच नावाची. १७४९ साली त्याने या विषयावर ग्रंथ काढला. पण अंड्याबाहेर आलेल्या पिल्लांचे काय? त्यांच्यासाठी त्याने पेटी केली. तिला आतून लोकरीसकट मेंढीचे कातडे, छप्पर उतरते. लहान-मोठ्या प्रत्येक पिल्लाच्या पाठीला लोकर लागावी म्हणून. तिला त्याने 'कृत्रिम आई' म्हटले. ठेंगण्या बाजूला दाटी होऊन दुबळी पिल्ले चेंगरतात, म्हणून ती बाजूही उघडी ठेवून नुसती जाळी सोडायची. चेंगरणारे पिल्लू तिथून निसटून वळसा घालून पुन्हा आत येई. हे वाचताना मला अम्मी आठवली.

नव्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. पहिले काही दिवस त्याला शरीराची ऊब स्वतः राखता येत नाही. पोटातल्या बलकावर ते दोन-तीन दिवस तगते. म्हणून तर १९१८ पासून अमेरिकेत अशी पिल्ले टपालाने जाऊ लागली. पण बलक भूक भागवतो, थंडी नाही. म्हणून ब्रूडरमध्ये पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवतात आणि पिसे येईपर्यंत दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवतात.

तरी शेवटचा शब्द पिल्लांचाच. दिव्याखाली गोळा होऊन कलकलाट करत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. दिव्यापासून दूर, कडेला जाऊन धापा टाकत असतील तर उष्मा होतो आहे. सगळी एकाच कोपऱ्यात असतील तर कुठून तरी वारा शिरतो आहे. सगळीकडे पसरून, बारीक चिवचिवत दाणे टिपत असतील तर सारे ठीक. पण हे सांगण्यासाठी त्यांना हलायला जागा हवी. मी ती ठेवली नव्हती.

कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते, पण कोंडून ठेवत नाही. उरलेली तीन पिल्ले अम्मीने वाढवली. कंदील तोच होता. फक्त तिने तो डालग्याच्या बाहेर, एका बाजूला ठेवला होता.