पहिली दुर्बीण घेताना

निवृत्तीच्या दिवशी वडिलांना काही तरी वेगळे द्यावे, म्हणून काही वर्षांपूर्वी मी रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून दुर्बीण विकत घेतली. लालभडक चमकणाऱ्या काचा, अंगावर ठळक अक्षरांत ‘३०×६०’ हा आकडा आणि किंमत अवघी आठशे रुपये. वडिलांनी गॅलरीत उभे राहून समोरच्या झाडावरचा तांबट पाहण्याचा दोन-तीन सकाळी प्रयत्न केला. मग ‘आता माझ्या डोळ्यांतच काही राहिलं नाही,’ असे म्हणून त्यांनी ती कपाटात ठेवून दिली.

त्याच हिवाळ्यात ती दुर्बीण गळ्यात अडकवून मी भिगवणला गेलो. उजनी जलाशयावर तेव्हा रोहित पक्ष्यांचे थवे उतरले होते. नावेतून दुर्बीण डोळ्यांना लावली, तर समोर एक हिरवट, अंधूक, दुहेरी कडांचा ठिपका. नावाडी थोडा वेळ पाहत राहिला. मग स्वतःची रंग उडालेली दुर्बीण पुढे करून म्हणाला, ‘‘साहेब, जरा ही लावून बघा.’’ तिच्यावर ‘८×४०’ एवढेच लिहिले होते. पण तिच्यातून रोहिताची बाकदार गुलाबी चोच, चोचीचे काळे टोक आणि पंखांवरची लाली स्वच्छ दिसली. दोष वडिलांच्या डोळ्यांत नव्हता, हे त्या क्षणी लक्षात आले.

पक्षिनिरीक्षणाची किंवा आकाशदर्शनाची आवड नव्याने लागलेल्या अनेकांची पहिली दुर्बीण अशीच फसते आणि दुर्बिणीबरोबर ती आवडही कपाटात जाते. थोडी माहिती घेऊन खरेदी केली, तर मध्यम खर्चातही आयुष्यभर साथ देणारी दुर्बीण मिळू शकते.

आकड्यांचा अर्थ

दुर्बिणीवर लिहिलेल्या दोन आकड्यांपैकी पहिला म्हणजे विवर्धन. ‘८×४२’मधील ८ याचा अर्थ, ऐंशी मीटरवरचा पक्षी दहा मीटरवर असल्यासारखा दिसेल. दुसरा आकडा पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. हे भिंग जितके मोठे, तितका उजेड आत अधिक. ४२ मिलिमीटरचे भिंग २१ मिलिमीटरच्या भिंगापेक्षा चौपट प्रकाश गोळा करते.

दुसरा आकडा साध्या पट्टीने पडताळून पाहता येतो. माझ्या ‘३०×६०’ची काच मोजली, तेव्हा ती जेमतेम तीन सेंटिमीटर भरली. साठ मिलिमीटरचे भिंग सहा सेंटिमीटर रुंद असायला हवे, एवढा हिशेब खरेदीच्या वेळी सुचला असता, तर आठशे रुपये वाचले असते. ज्या वस्तूवरचा एक आकडा खोटा, तिच्यावरच्या दुसऱ्यावर विश्वास कशाला ठेवायचा?

विवर्धन खरोखरच तीस असते, तरी लाभ झाला नसता. दुर्बीण दृश्याबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढवते. दहापेक्षा अधिक विवर्धनाची दुर्बीण हातात स्थिर धरणे बहुतेकांना जमत नाही. तिला तिपाई लागते. शिवाय विवर्धन वाढले, की दृष्टिक्षेत्र आक्रसते आणि फांदीवरून फांदीवर उडणारा पक्षी दुर्बिणीत पकडेपर्यंत निघून जातो. कमी-जास्त विवर्धनाची ‘झूम’ सोय असलेल्या स्वस्त दुर्बिणीही याच कारणासाठी टाळाव्यात.

उजेडाचे गणित

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले, की नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ८×४२मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर, १०×५०मध्ये पाच, तर खिशात मावणाऱ्या ८×२१मध्ये जेमतेम अडीच. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे लहान दुर्बीणही तेव्हा चालून जाते. पहाटे, संध्याकाळी किंवा दाट झाडीत बाहुली विस्फारते आणि लहान दुर्बिणीतले दृश्य काळवंडू लागते. पक्षी तर नेमके सकाळ-संध्याकाळीच अधिक हालचाल करतात.

तरुणपणी अंधारात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढते तशी ही क्षमता कमी होत जाते. त्यामुळे ७×५०सारख्या दुर्बिणीतून येणारा सात मिलिमीटरचा झोत प्रौढांच्या डोळ्यांत पूर्ण शिरत नाही. हे सारे पाहता पक्ष्यांसाठी ८×४० किंवा ८×४२ आणि प्रामुख्याने आकाशासाठी १०×५० ही निवड बहुतेकांना मानवते. वजन सोसवत नसेल, तर ८×३२चा विचार करावा.

लोलकांचे दोन प्रकार

दुर्बिणीतली उलटी प्रतिमा सुलट करण्याचे काम आतले लोलक म्हणजे प्रिझम करतात. ज्या दुर्बिणीच्या नळ्या मधेच वळलेल्या दिसतात, ती ‘पोरो’ प्रकारची. इग्नाझिओ पोरो या इटालियन संशोधकाने १८५४मध्ये या रचनेचे पेटंट घेतले आणि १८९४मध्ये जर्मनीतील कार्ल झाइस कंपनीने त्या धर्तीच्या दुर्बिणी बाजारात आणल्या. सरळ नळ्यांची सुबक, आटोपशीर दुर्बीण ‘रूफ’ प्रकारची असते.

दिसायला दुसरी आकर्षक. पण तिचे लोलक फार अचूक घडवावे लागतात आणि प्रतिमा ठसठशीत राहावी यासाठी त्यांच्यावर खास लेप द्यावा लागतो. हा खर्च स्वस्त दुर्बिणीत वाचवलेला असतो. म्हणून पैसे बेताचे असतील, तर पोरो घ्यावी. तेवढ्याच पैशांत तिच्यातून बहुधा अधिक चांगले दृश्य मिळते. मात्र ती थोडी बोजड असते आणि बहुतेक पोरो दुर्बिणी जलरोधक नसतात. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात वरचेवर भटकणाऱ्यांनी थोडे अधिक पैसे घालून नायट्रोजन भरलेली जलरोधक दुर्बीण घेणे शहाणपणाचे.

काचेवरचा लेप

लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होतो. असे दहा पृष्ठभाग वाटेत असले, तर एक तृतीयांश उजेड वाया गेला. चांगल्या बहुस्तरीय लेपामुळे ही गळती पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्यावर येते, म्हणजे एकूण पाच टक्क्यांच्या आसपास.

खोक्यावर ‘फुली मल्टिकोटेड’ असे शब्द असतील, तर हवेशी संपर्क येणाऱ्या सर्व पृष्ठभागांवर असा लेप आहे, असा त्याचा अर्थ. नुसते ‘कोटेड’ म्हणजे काही पृष्ठभागांवर साधा लेप. चांगल्या लेपाची काच तिरप्या उजेडात मंद हिरवी किंवा जांभळी झाक दाखवते. आरशासारखी लाल काच मात्र टाळावी. ती लाल प्रकाश बाहेरच फेकते आणि आतले दृश्य हिरवट करते.

दुकानात काय तपासावे

दुर्बीण खोक्यातून काढून थेट बिल करू नये. दुकानदाराची परवानगी घेऊन ती उजेडात न्यावी आणि पुढील गोष्टी पाहाव्यात.

दुर्बीण हातभर अंतरावर धरून उजळ आकाशाकडे रोखावी. नेत्रभिंगांत प्रकाशाची दोन वर्तुळे दिसतील. ती पूर्ण गोल असावीत. कडा राखाडी आणि आकार चौकोनाकडे झुकणारा असेल, तर लोलकाची काच हलकी आहे.

दोन्ही नळ्यांतील अंतर आपल्या डोळ्यांना जुळवून घ्यावे. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी चित्र स्पष्ट करावे. नंतर डावा मिटून उजव्या नेत्रभिंगाची कडी फिरवावी. ही जुळणी एकदा झाली, की पुढे फक्त मधले चाक वापरायचे. अनेक जण ही पायरी गाळतात आणि दोष दुर्बिणीला देतात.

दूरच्या इमारतीवरची पाटी आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवरची विजेची तार पाहावी. पाटी दुहेरी दिसत असेल किंवा मिनिटभरात डोळे ताणल्यासारखे वाटत असतील, तर दोन्ही नळ्या एका दिशेला रोखलेल्या नाहीत. अशी दुर्बीण कितीही स्वस्त असली, तरी घेऊ नये.

चष्मा असणाऱ्यांनी चष्म्यासह पाहावे. नेत्रभिंगावरची रबरी कड दुमडून किंवा फिरवून खाली करावी आणि पूर्ण वर्तुळ दिसते का, याची खात्री करावी. माहितीपत्रकात ‘आय रिलीफ’ म्हणून दिलेला आकडा पंधरा मिलिमीटर किंवा अधिक असेल, तर सहसा अडचण येत नाही.

खर्च आणि निगा

नामवंत कंपन्यांच्या, पहिल्या खरेदीला योग्य अशा दुर्बिणी आज साधारण सात ते पंधरा हजार रुपयांच्या दरम्यान मिळतात. तेवढे पैसे हाताशी नसतील, तर आठशेची वस्तू घेण्यापेक्षा थांबणे बरे. जुनी दुर्बीण घेताना मोठ्या भिंगातून विजेरीचा झोत टाकून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का, ते पाहावे.

आपल्या दमट हवेत बुरशी हाच दुर्बिणीचा मोठा शत्रू. कातडी पिशवीत बंद करून ठेवण्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात दुर्बीण ठेवावी. काचेवरची धूळ आधी फुंकणीने किंवा मऊ कुंचल्याने झटकावी आणि मगच मऊ कापड फिरवावे. सदऱ्याच्या टोकाने पुसण्याची सवय लेपाला ओरखडे पाडते. आणि एक इशारा लहान मुलांसह सर्वांना: दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. क्षणार्धात दृष्टी कायमची जाऊ शकते.

खरेदीपूर्वी एखाद्या संस्थेच्या भ्रमंतीत सहभागी व्हावे. मुंबईत १८८३पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, तर पुण्यात १९४४पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था कार्यरत आहे. अशा ठिकाणी जुनी मंडळी आपली दुर्बीण आनंदाने पाहायला देतात. चार वेगवेगळ्या दुर्बिणी हाताळल्या, की वजन, पकड आणि दृश्य यांतले कोणते आपल्याला सोसते, ते आपोआप कळते.

माझ्या वडिलांसाठी अखेर ८×४२ पोरो घेतली. चष्म्यासह नीट दिसेल अशी मिळेपर्यंत तीन दुकाने पालथी घालावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅलरीत उभे राहिले, ते चहा निवून गेला तरी आत येईनात. तांबटाच्या कपाळावर लाल टिळा असतो आणि डोळ्याभोवती पिवळा रंग, हे त्यांनी मला दोनदा सांगितले. डोळ्यांबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत.